एका रेघेत खोडलेलं पत्र

पाचवा प्रश्न वाचला आणि थेंबताईचा उजवा पाय बाकाखाली आपोआप हलायला लागला.

तिने प्रश्न पुन्हा वाचला. मग बोट ठेवून एकेक शब्द वाचला. अर्थ बदलला नाही. तुमच्या हातून झालेल्या एखाद्या चुकीबद्दल मैत्रिणीला अनौपचारिक पत्र लिहा. गुण पंधरा.

घरून तिने चार पत्रं तोंडपाठ करून आणली होती. सुट्टीत आमच्याकडे ये, अभिनंदन, भेटवस्तू आवडली आणि आजारी आहेस असं कळलं. ही चार पत्रं तिच्या भाचीने तयार करून दिली होती. भाची कॉलेजात होती आणि मावशीला शिकवताना तिला भलताच चेव यायचा.

"मावशी, मैत्रिणीचं नाव अबक आणि तुझं नाव क्षयज्ञ. पत्ता, परीक्षा हॉल. खरं काही लिहायचं नाही, कळलं का? खरं लिहिलंस की पेपर रद्द."

"आणि ही अबक दर सुट्टीत येते तरी कुणाकडे?"

"सगळ्यांकडे येते. बिचारीला स्वतःचं घर नाही."

दोघी हसल्या होत्या. आत्ता थेंबताईला हसू येत नव्हतं. चुकीचं पत्र त्या चारांत नव्हतं.

थेंबताई हे काही तिचं खरं नाव नव्हे. शहराला पाणी पुरवणाऱ्या शुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत ती बारा वर्षं तंत्रज्ञ होती. पाण्यात पावडर टाकायची, क्लोरीन असेल तर पाणी गुलाबी होतं. मग ब्युरेटच्या काचेच्या नळीतून थेंब थेंब सोडत गुलाबी रंग घालवायचा आणि किती थेंबांत गेला त्यावरून क्लोरीन किती ते काढायचं. इतर लोक शेवटी शेवटी घाई करत आणि एखादा थेंब जास्त सोडत. हिचा कधी जास्त पडला नाही. म्हणून थेंबताई. मोठे केमिस्ट, ज्यांना सगळे साहेब म्हणत, तेसुद्धा पाहुण्यांना सांगत, "आमचं यंत्र चुकेल, थेंबताई चुकणार नाही."

सहाय्यक केमिस्टची जागा भरायची होती. त्यासाठी खात्याची परीक्षा होती. रसायनशास्त्र, गणित, नियमावली हे सगळं ती पहिल्याच फटक्यात पास झाली होती. इंग्रजी तेवढं राहिलं होतं. तीनच संधी मिळत आणि ही तिसरी होती. पहिल्या वेळी अकरा गुण कमी पडले, दुसऱ्या वेळी चार. पत्राचे पंधरा आज हातचे गेले तर जन्मभर बाटल्याच धुवायच्या, हे गणित तिने कालच करून ठेवलं होतं.

भिंतीवरच्या घड्याळात साडेअकरा झाले होते. पेपर साडेबाराला संपणार होता.

काहीतरी साधी चूक लिहू, तिने ठरवलं. छत्री विसरले. तिने लिहिलं, डियर अबक. पुढे, मी छत्री विसरले. मग? मग मी भिजले. भिजण्याला इंग्रजीत काय म्हणतात, तिथेच वाक्य अडलं. भिजल्यावर काय झालं? सर्दी झाली, हे तर आजारी मैत्रिणीच्या पत्रातलं. तिने ते खोडलं. आईची भांडी फोडली, हे लिहायला घेतलं तर भांड्याच्या प्रकारापाशी अडली. पेनाच्या टोपणाची काढघाल करत तिने चार मिनिटं घालवली. शेजारच्या बाकावरच्या माणसाने तोंड वाकडं केलं तेव्हा तिचं लक्ष गेलं, की आपण टोपणाने टकटक करतोय.

खोटं बोलायला शब्द लागतात आणि तेवढे शब्द तिच्याकडे नव्हते. तिच्याकडे इंग्रजी होतं ते एकाच जागचं. सॅम्पल, बॉटल, टॅप, रीडिंग, रजिस्टर. टेस्टेड, नॉट टेस्टेड. क्लोरीन, निल. बारा वर्षं रोज सहा वेळा लिहिलेले शब्द.

आणि त्या शब्दांत एक चूक आयती बसत होती.

तिने पान उलटलं. पुन्हा डियर अबक लिहिलं, आणि मग तिला कुठे अडावंच लागलं नाही.

सहा महिन्यांपूर्वी, तिने लिहिलं, आपण दोघी ड्यूटीवर होतो. तू दोन वाजताचं सॅम्पल आणलंस. तू बाटली माझ्या टेबलावर ठेवलीस. मी तेव्हा परीक्षेची पत्रं पाठ करत होते. सकाळपासूनची सगळी रीडिंग शून्य पूर्णांक सहा होती. मी टेस्ट केली नाही. मी रजिस्टरमध्ये शून्य पूर्णांक सहा लिहिलं. मी बाटली ओतून टाकली.

हे सगळं जसं घडलं तसंच तिने लिहिलं. चार वाजता दुसरी बाटली आली. थेंबताईने पावडर टाकली आणि पाणी गुलाबी झालंच नाही. काचेच्या भांड्यात स्वच्छ, बिनरंगी पाणी. ती दोन मिनिटं तशीच हलवत राहिली. मग धावपळ झाली. क्लोरीन सोडणारा पंप अडकला होता, आणि पंपाची नोंद सांगत होती की तो दीडपासूनच बंद आहे. शहराच्या मोठ्या टाकीत आधीचा भरपूर साठा होता, त्यात ते पाणी मिसळलं, कुणाचं पोट दुखलं नाही. पण साहेबांनी रजिस्टर पुढे ओढलं आणि विचारलं, पंप दीडला बंद, मग दोनला शून्य पूर्णांक सहा कसं?

त्यांनी विचारलं आणि उत्तरही त्यांनीच दिलं. थेंबताई चुकणार नाही. म्हणजे बाटली चुकली. बाहेर जाणाऱ्या पाण्याचा नळ आणि जुन्या साठ्याचा नळ शेजारी शेजारी आहेत. सॅम्पल आणणारीने घाईत भलत्याच नळाखाली बाटली धरली असणार.

सॅम्पल आणणारी म्हणजे भोंगा. तिची आठ वर्षांची मैत्रीण. तिचा आवाज पंपांच्या घरघरीवरून पलीकडे ऐकू जाई म्हणून भोंगा. चालायची ती वाऱ्यासारखी आणि जेवायची त्याहून घाईने. भोंगा म्हणाली, "नाही हो साहेब, बरोब्बर नळ होता." मग म्हणाली, "असं वाटतंय तरी." मग खाली बघत म्हणाली, "आता नक्की नाही सांगता येत." आणि थेंबताई शेजारी उभी होती, मूग गिळून.

भोंगाला लेखी समज मिळाली. प्रयोगशाळेतून तिची बदली मागच्या गाळण्यांवर झाली, वाळूचे हौद धुवायला.

मी तुला सांगितलं नाही, थेंबताईने लिहिलं. मला पास व्हायचं होतं. तू बरोबर होतीस. तुझा नळ बरोबर होता.

तिने पेन खाली ठेवलं. दीड पान भरलं होतं. तिच्या आयुष्यात इंग्रजीतलं दीड पान एका दमात कधी उतरलं नव्हतं. तिने वाचून पाहिलं आणि तिलाच ते चांगलं वाटलं. क्षणभर, परीक्षकाच्या नजरेने, तिने मनात तेरा गुण देऊनही टाकले.

मग पाय थांबला.

ही खात्याची परीक्षा होती. पेपर तपासणार ते मुख्य कार्यालयातले लोक. सहा महिन्यांपूर्वी अडीच तास क्लोरीन बंद राहिलेलं केंद्र एकच, आणि त्या दिवशी टेबलावर बसलेली बाईही एकच. नाव नसलं म्हणून काय झालं?

बारा वाजून दहा मिनिटं. तिने पेन उचललं, पत्राच्या डोक्यापासून पायथ्यापर्यंत एक तिरकी रेघ मारली, पान उलटलं आणि धडाधड लिहायला घेतलं. डियर अबक, मी छत्री विसरले. मी ओली झाले. ही माझी चूक. आता मी रोज छत्री नेते. सात ओळी. त्यातल्या तीन चुकीच्या आहेत हे तिला लिहितानाच कळत होतं. घंटा झाली.

जिन्यात गर्दी होती. तिच्या शेजारी बसलेला माणूस, मीटर वाचणाऱ्यांपैकी, रुमालाने मान पुसत तिच्या बरोबरीने उतरत होता.

"ते चुकीचं पत्र आलं की हो. तुम्ही काय लिहिलंत?"

"छत्री."

"मी बायकोचा वाढदिवस विसरलो असं लिहिलं. खरंतर मी विसरलेलो नाही, तीच विसरली होती. पण तपासणाऱ्याला काय कळतंय! तुम्ही मध्ये बरंच लिहीत होतात पण. आणि मग मारली ना काट? मला वाटलं, छत्रीवर केवढं हे!" तो हसला. "आणि काट मारून सही काय ठोकलीत! आमच्या हेडक्लार्कची आठवण झाली."

थेंबताई पायरीवर थांबली. मागून येणारी बाई तिच्यावर आदळली.

सही.

प्रयोगशाळेचा पहिला नियम नव्या माणसाला पहिल्या दिवशी शिकवतात. रजिस्टरमध्ये काही गिरवायचं नाही, पुसायचं नाही, काळं करायचं नाही. चूक झाली तर तिच्यावर एकच रेघ मारायची, खाली काय होतं ते वाचता आलं पाहिजे. आणि रेघेच्या टोकाशी सही. बारा वर्षांत तिने अशा किती रेघा मारल्या असतील, आणि सही तिने कधी ठरवून केली नव्हती. रेघ संपली की हात आपला आपण वळायचा. पळी उलटी केली की थेंब पडतो, तसा.

छत्रीच्या पहिल्या ओळीवर मारलेली काट छोटी होती, तिथे सही केली की नाही हे तिला आठवेना. पण मोठ्या रेघेच्या टोकाशी पेन वळल्याचं आता बोटांनाच आठवत होतं. आणि उत्तरपत्रिकेच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत छापलेलं होतं, नाव, सही किंवा ओळखीची खूण आढळल्यास उत्तरपत्रिका रद्द.

ती उलटी फिरली. लोक उतरत होते, ती चढत होती, "सॉरी, सॉरी, जाऊ द्या," असं म्हणत. वर्गात पर्यवेक्षक बाई एकट्याच होत्या. टेबलावर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा, भोवती दोरा, आणि गाठ मारायला त्यांनी दोऱ्याचं टोक दातात धरलेलं.

"काय राहिलं?" दोरा दातात तसाच ठेवून त्यांनी विचारलं.

"माझी उत्तरपत्रिका... एक मिनिट हवी होती."

"पुरवणी बांधायची राहिली का?" बाईंनी दोरा सोडला. "आज तिसरी आहेस तू. सगळ्यांना सांगून सांगून घसा बसला. नंबर सांग, काढते. इथेच उभी राहून बांध आणि जा."

बाईंचा हात गठ्ठ्यावर होता. थेंबताईला फक्त हो म्हणायचं होतं. बाईंची नजर दुसरीकडे गेली की पेनाने चार रेघोट्या मारल्या की सही गेली, पत्र गेलं, छत्रीच्या पत्राला पाच गुण, बाकीच्यांत मिळून पास. एक हो. ते खोटंही वाटलं नसतं. आज आधी दोघींची पुरवणी राहिली होती, तिसरीचीही राहू शकते. सकाळपासून सगळी रीडिंग शून्य पूर्णांक सहा होती, तसंच.

ती पायांवर पुढेमागे झुलत राहिली.

"अगं बोल ना. मला घरी जायचंय."

"पुरवणी नाही," थेंबताई म्हणाली. "मी आत सही केलीय. चुकून."

बाईंनी तिच्याकडे बघितलं. मग दाराकडे बघितलं. "हे तू मला सांगितलं नाहीस आणि मी ऐकलं नाही. तपासणारा काय ते बघेल." त्यांनी दोरा पुन्हा दातात धरला आणि गच्च गाठ मारली. मग गठ्ठ्यावर हात ठेवून जरा हळू आवाजात म्हणाल्या, "सांगायची काय गरज होती?"

थेंबताई जिना उतरली. ती बसच्या थांब्यावर गेली, तिथे उभं राहवेना म्हणून पुढच्या थांब्यापर्यंत चालत गेली, आणि तेवढ्यात बस तिच्या शेजारून निघून गेली. दुसऱ्या बसमध्ये जागा असूनही ती उभी राहिली. घरी जायचं होतं. भाची वाट बघत असणार, प्रश्नपत्रिका हातात घ्यायला आसुसलेली. पण घराचा थांबा आला आणि गेला, आणि ती बसमध्येच होती.

केंद्राच्या मागच्या बाजूला गाळण्यांचे आठ हौद ओळीने आहेत. वाळूत साचलेला गाळ उपसायला खालून हवा सोडतात, तेव्हा हौद उकळल्यासारखा खदखदतो आणि यंत्राच्या आवाजात स्वतःचं बोलणंही ऐकू येत नाही. तिसऱ्या हौदाच्या कठड्याशी गमबूट घालून भोंगा उभी होती. तिच्या डोळ्यांवर नवा चष्मा होता. दोन महिन्यांपूर्वी तिने तो घेतला तेव्हा थेंबताई म्हणाली होती, "शोभतो हं तुला." त्या दोन महिन्यांत ती भोंगाशी एवढंच बोलली होती.

"थेंबे!" भोंगाचा आवाज यंत्रावरूनही आला. "परीक्षा ना तुझी आज? कसा गेला पेपर?"

"मला काही सांगायचंय."

"काय?"

"सांगायचंय काहीतरी!"

"मोठ्याने बोल की! तोंडात काय दही आहे?"

सांगायचं ते हळू आवाजात सांगायचं, हे थेंबताईने बसमध्ये ठरवलं होतं. ते इथे चालणार नव्हतं. तिने कठड्याला धरलं आणि ओरडून सांगितलं. "दोनचं सॅम्पल मी तपासलंच नाही! तुझा नळ बरोबर होता! मी बाटली ओतली आणि आकडा लिहिला!"

पाचव्या हौदावरचा माणूस वळून बघायला लागला.

 भोंगाने जवळच्या खांबावरचं बटण दाबलं. यंत्र थांबलं, हौदातले बुडबुडे बसत गेले. मग ती म्हणाली, आणि आठ वर्षांत पहिल्यांदा ती हळू बोलली, "पुन्हा सांग."

थेंबताईने पुन्हा सांगितलं. पत्र पाठ करत होते, हेही सांगितलं.

भोंगाने चष्मा काढला. त्याच्याकडे उलटसुलट करून बघितलं.

"हा का घेतला, ठाऊकाय तुला? मी म्हटलं, समोरचा नळ ओळखता येत नाही म्हणजे डोळे गेले. डॉक्टर म्हणाला, अहो बाई, पाव नंबर आहे, नाही घेतलात तरी चालेल. म्हटलं, नाही, द्याच." तिने नाक ओढलं. "इथे प्रत्येक चाक फिरवण्याआधी मी त्याचा नंबर मोठ्याने म्हणते. तीनदा. तो पाचवाला बघतोय ना, तो मला चाकांशी बोलणारी म्हणतो. रात्री कुलूप लावलं की नाही बघायला मी परत उठते. सहा महिने, थेंबे. मला वाटलं, माझं डोकंच कामातून गेलं."

"माझं चुकलं."

"ते कळलं. एकदा ओरडून सांगितलंस, एकदा हळू. तिसऱ्यांदा नको." तिने चष्मा खिशात कोंबला. "आणि आत्ताच का सांगतेस? पास झालीस म्हणून?"

"बहुतेक नापास. पेपर रद्द होईल." आणि तिने पत्राचं सांगितलं. रेघेचं, सहीचं, पर्यवेक्षक बाईंच्या दोऱ्याचं.

भोंगा ऐकत होती. सहीपाशी तिच्या तोंडाचा कोपरा हलला, पण तिने तो हसण्यापर्यंत जाऊ दिला नाही.

"म्हणजे मुख्य कार्यालयातल्या कुणातरी परक्या माणसाला तू आधी सांगितलंस. तेही इंग्रजीत. आणि मी इथे, शंभर पावलांवर."

थेंबताईने कठडा सोडला.

"चल," भोंगा म्हणाली.

"कुठे?"

पण भोंगा चालायलाही लागली होती, तिच्या जुन्या चालीने. थेंबताईला जवळजवळ पळावं लागलं.

प्रयोगशाळेत दुपारची शांतता होती. साहेबांच्या खोलीचं दार लोटलेलं, आतून कागद चाळल्याचा आवाज. भोंगाने कपाट उघडलं, जुन्या रजिस्टरांचा ढीग उचलला आणि थेंबताईच्या टेबलावर ठेवला. बरोबर ते पान काढायला तिला वेळ लागला नाही. ते पान तिने आधीही उघडून पाहिलेलं असणार, हे थेंबताईला तेव्हा कळलं. कोपरा मळलेला होता.

दोन वाजताच्या रकान्यात शून्य पूर्णांक सहा. अक्षर सुरेख, शाई एकसारखी. आजूबाजूच्या आकड्यांहून काकणभर जास्तच नीटनेटकं.

थेंबताईने पेन काढलं. तेच, सकाळचं. आकड्यावर एक आडवी रेघ मारली. रेघेच्या टोकाशी तिचा हात आपोआप वळला, तिने तो मध्येच थांबवला, आणि मग सावकाश, प्रत्येक अक्षर लावून सही केली.

"तारीख," भोंगा म्हणाली.

तिने आजची तारीख घातली.

"शेऱ्यात काय?"

शेऱ्याच्या रकान्यात तिने लिहिलं, नॉट टेस्टेड. सॅम्पल करेक्ट. त्यात स्पेलिंग विचारायची गरज पडली नाही.

भोंगा पानावर वाकली. चष्मा खिशातच होता. तिने रेघेखालचा आकडा वाचला, सही वाचली, शेरा वाचला, आणि पुन्हा आकड्यावर आली. 

"दिसतंय मला," ती शेवटी म्हणाली. सरळ झाली. "आता साहेबांना हाक मार."

"तू मार ना. तुझा आवाज..."

"मी मारली तर त्यांना वाटेल, भोंगाने पुन्हा काहीतरी घोळ घातला." तिने हाताची घडी घातली आणि टेबलाला टेकली. "तूच मार."

थेंबताईने घसा साफ केला. पाय हलत नव्हता. तिने हाक मारली, गरजेपेक्षा बरीच मोठ्याने, आणि आतल्या कागदांचा आवाज थांबला.